मुलाबाळांना घेऊन मोकळ्या हवेत फिरणं, आणि त्यातलं थोडंसं घरी आणणं

आमच्या पहिल्या 'फॅमिली नेचर ट्रिप'चा विषय निघाला की बायको अजून हसते. मी आदल्या रात्री बसून वेळापत्रक बनवलं होतं, साडेसहाला निघायचं, आठला वर पोचायचं, साडेआठला ग्रुप फोटो, नऊला खाणं, सगळं मिनिटामिनिटाचं. आणि झालं काय, तर गाडीतून उतरून पन्नास पावलं गेलो असू, वाटेत एक डबकं लागलं आणि धाकटी तिथे जी बसली ती उठेचना. डबक्यात एक वाळकं पान तरंगत होतं, पानावर एक मुंगळा अडकलेला, तो या कडेला यायचा, पाण्याला मिशा लावून बघायचा, परत फिरायचा, त्या कडेला जायचा, तिथेही पाणी. हिने काडी टाकली, ती पोचेना. मग दुसरी आणली, लांब, पण ती वाहून गेली. असं करत चाळीस मिनिटं गेली आणि मी सारखं घड्याळ बघतोय, शेवटी हाताला धरून ओढतच नेली तिला, ती रडली, मोठा कंटाळला, वर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर, आणि त्या ग्रुप फोटोत सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी.

चार वर्षं झाली त्याला. वरून काय दिसलं ते तिला विचारलं तर काही म्हणजे काही आठवत नाही. मुंगळा मात्र आठवतो, तिसऱ्या काडीवरून उतरला हेही आठवतं.

तेव्हापासून आम्ही फिरायची पद्धतच बदलली, आणि बऱ्याच चुका करून जे हाती लागलं ते इथे लिहितोय. कोणी विचारलंच तर एवढंच सांगेन की आउटिंग लहान ठेवा, त्यात रिकामा वेळ भरपूर ठेवा, आणि त्याच रात्री पाच मिनिटं काढून काहीतरी लिहून ठेवा. बाकीचं खाली सविस्तर आहे, ज्याला जे जमेल ते घ्या.

किती लांब जायचं

नकाशावरचं अंतर बघून फसू नका. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक हिशोब मांडला होता, तो अजून वापरतात, सपाटीवर तासाला साधारण ५ किलोमीटर आणि चढ असेल तर दर ६०० मीटर उंचीला वरून एक तास. हा हिशोब धडधाकट मोठ्या माणसाचा आहे. सोबत पाच-सहा वर्षांचं पोर असेल तर मी सरळ तिप्पट वेळ धरतो आणि त्यातही डबक्यांचा वेळ वेगळा. दोन किलोमीटरची पायवाट म्हणजे मुलांसोबत आरामात अख्खी सकाळ होते, खरंच होते.

आणि वळायची वेळ आधी ठरवून टाका. किती वाजता पोचायचं ते सोडा, किती वाजता परत फिरायचं ते ठरवा, मग तेव्हा कुठेही असा, धबधबा पुढच्या वळणावर का असेना. हे ऐकायला कडक वाटतं पण ह्यामुळे उलट घाई संपते, कारण कुठे पोचायचंच नसतं. मानसशास्त्रात डॅनियल काहनेमान यांनी दाखवलेली एक गोष्ट आहे, एखादा अनुभव आपल्याला कसा आठवतो ते त्यातल्या सगळ्यात तीव्र क्षणावर आणि शेवटावर बरंचसं ठरतं, एकूण किती वेळ चाललं याला त्यामानाने फारसं वजन नसतं. म्हणजे पाच तासांपैकी साडेचार तास मस्त गेले आणि शेवटचा अर्धा तास रडारड झाली तर लक्षात रडारडच राहायची शक्यता जास्त. म्हणून अजून थोडं थांबूया ना असं मुलं म्हणत असतानाच निघायचं. हे मला अजूनही जमत नाही प्रत्येक वेळी, मीच म्हणतो अजून पाच मिनिटं.

संध्याकाळी अंधार पडायला किती वेळ आहे हे बघायची एक जुनी युक्ती आहे, मुलांना फार आवडते. हात सरळ लांब करायचा, पंजा आडवा धरायचा, क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते मोजायचं, एका बोटाला साधारण १५ मिनिटं. म्हणजे चार बोटं मावली तर तासभर. अगदी काटेकोर नाही, तुम्ही विषुववृत्तापासून किती लांब आहात आणि ऋतू कुठला यावर बदलतं, आणि समोर डोंगर असेल तर सावली आधीच येते. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही हे मुलांना आधी सांगा, बोटांनी तो झाकूनच मोजायचं.

सोबत काय घ्यायचं

याच्या भल्यामोठ्या याद्या असतात आणि त्या वाचूनच माणूस घरी बसतो. पाणी, खाऊ, एक जास्तीचा कपड्यांचा जोड (मुलांचा, आणि मोजे तर दोन जोड), टोपी, छोटी औषधांची पिशवी, टॉर्च, एक मोठं फडकं. संपलं. पाणी मोठ्या माणसाला चालताना तासाला अर्धा लिटर तरी धरा, ऊन असेल तर जास्त. डोंगरावर जाणार असाल तर एक गरम कपडा, कारण उंची वाढली की दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअस तापमान उतरतं, खाली घामाघूम होणारं पोर वर कुडकुडतं. नकाशा घरून निघतानाच फोनवर ऑफलाइन डाउनलोड करून घ्या, रेंज नेमकी हवी तिथे नसते. आणि कुठे चाललोय, किती वाजेपर्यंत परत येणार हे घरच्या किंवा शेजारच्या एका माणसाला सांगून जा, दहा सेकंदांचं काम आहे.

त्या फडक्याबद्दल मात्र थोडं बोलायला पाहिजे. जुनी चादर असते ना, घरात पडलेली, तीच. ती अंथरली की तिथे आपलं घर झालं. मुलं लांब जातात, परत चादरीवर येतात, आजी तिथे पाय पसरून बसते, दगड-पानं सगळी तिथे आणून टाकली जातात. आधी आम्ही सतत चालत असायचो आणि कोणी ना कोणी मागे राहायचं, आता चादर टाकतो आणि तिथून जो तो आपल्या तब्येतीने हिंडतो. आजी-आजोबा सोबत असतील तर हे एवढं एकच केलंत तरी पुरे, बाकी त्यांच्यासाठी सपाट वाट, पंधरा-वीस मिनिटांवर बसायला जागा आणि जवळपास टॉयलेट आहे ना हे आधी बघून ठेवायचं.

वीज-पावसाचं मात्र थट्टेवारी नेऊ नका. चमक दिसली की सेकंद मोजायला लागायचे, आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो, त्यामुळे चमक आणि गडगडाट यात ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच पक्क्या इमारतीत नाहीतर बंद गाडीत जायचं. एकट्या झाडाखाली, पाण्याजवळ, उघड्या माथ्यावर थांबायचं नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास जाईपर्यंत बाहेर पडायचं नाही. मुलांना सेकंद मोजायचं काम दिलं की ती घाबरत नाहीत, आमच्याकडे यावरून भांडणं होतात, कोणी हळू मोजलं म्हणून.

तिथे जाऊन करायचं काय

खरं सांगू का, फारसं काही नाही. पहिली वीस मिनिटं मुलं कंटाळली कंटाळली करतात, त्या वीस मिनिटांत आपण फोन काढून दिला नाही की पुढचं आपोआप होतं. पण मोठ्यांना काहीतरी करायला लागतं, नाहीतर हात शिवशिवतात, म्हणून थोड्या गोष्टी सांगतो.

एक, एक हात बाय एक हात जागा. दोरीने किंवा चार काड्यांनी जमिनीवर चौकोन आखायचा आणि सगळ्यांनी पोटावर झोपून दहा मिनिटं त्यात काय काय आहे ते बघायचं. पहिल्या मिनिटाला गवत आणि माती दिसते. पाचव्या मिनिटाला कळतं की गवत तीन प्रकारचं आहे, एका पात्यावर कोणीतरी गोल कुरतडलंय, मुंग्यांची रांग एका ठरावीक खड्याला वळसा घालूनच जाते, आणि जी माती वाटत होती त्यातला एक कण चालायला लागतो. आमच्या मोठ्याला, जो एरवी सगळ्याला 'बोअर' म्हणतो, त्याला त्या चौकोनात गोगलगाईचं रिकामं शंख सापडलं आणि त्यात एक इवलासा कोळी राहायला आलेला होता. अर्धा तास हलला नाही पठ्ठ्या.

दोन, डोळे मिटून आवाज मोजायचे. प्रत्येकाने दोन्ही मुठी वर धरायच्या, नवा आवाज आला की एक बोट उघडायचं, दहा झाले की डोळे उघडायचे. पाच-सहापर्यंत पटापट जातं, मग थांबतं, मग हळूहळू लांबचे आवाज यायला लागतात. घनदाट झाडीत तर पक्षी दिसतातच कमी, आवाजच जास्त. दुर्बीण असेल तर उत्तम, पण लहान मुलांसाठी ८ बाय ४२ सारखी घ्या, यातला पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त पटीची घेतली की हात हलला तरी चित्र नाचतं आणि मुलं पाच मिनिटांत ती टाकून देतात, आमची पहिली दुर्बीण अशीच माळ्यावर पडलीय.

रातकिड्यांची एक गंमत. आमोस डॉल्बियर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये मांडलं की रातकिडे किती वेळा किरकिरतात त्यावरून तापमान काढता येतं, कारण थंड रक्ताचे प्राणी, गरम झालं की त्यांचं सगळंच जलद चालतं. ढोबळ हिशोब असा की ८ सेकंदांत जेवढ्या किर्र होतात त्यात ५ मिळवायचे, आले सेल्सिअस. सगळ्या जातींना हे लागू नाही, आणि दहा-वीस किडे एकत्र ओरडत असतील तर मोजणारच कसं, पण एकटा-दुकटा सापडला तर करून बघा आणि मग फोनवरच्या तापमानाशी ताडून बघा. बरोबर आलं नाही तरी मजा येते.

पाऊस पडून गेला असेल तर मुद्दाम वास घ्यायला थांबा. मातीच्या त्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव १९६४ मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी दिलं, आणि त्यातला मुख्य भाग जिओस्मिन नावाच्या रसायनाचा, जे मातीतले जिवाणू तयार करतात, आणि माणसाचं नाक त्याच्या बाबतीत कमालीचं तिखट आहे. वासाचा मेंदूतला रस्ता भावना आणि आठवणींच्या भागांना जवळून जोडलेला असतो, त्यामुळे कित्येक वर्षांनी एखादा वास आला की अख्खी दुपार डोळ्यासमोर उभी राहते. माझं असं होतं, ओलं लाकूड हुंगलं की. वासाचा फोटो काढता येत नाही, पण कसला वास येत होता हे लिहून ठेवता येतं, तेवढं करा.

टीनएजर घरात असेल तर त्याला 'चल ना, मजा येईल' म्हणू नका, येणार नाही तो. त्याला काम द्या. नकाशा त्याच्या हातात, कुठे वळायचं तो सांगणार, चुकलं तरी आपण पाच मिनिटं गप्प बसायचं. नाहीतर कॅमेरा त्याच्याकडे. एकदा तर मोठ्याने आम्हाला चुकीच्या वाटेवर नेलं आणि तिथे आम्हाला चतुरांचा एक थवाच्या थवा पाण्यावर उडताना दिसला, ते श्रेय तो अजून घेतो.

फोटो

इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त चुका मी इथेच केल्यात.

अमेरिकेतल्या लिंडा हेंकेल यांचा २०१४ सालचा एक अभ्यास आहे, लोकांना म्युझियममध्ये नेलं, काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या आणि काहींचे फोटो काढायला सांगितले, दुसऱ्या दिवशी विचारलं तर ज्यांचे फोटो काढले त्या वस्तू लोकांना कमी आठवत होत्या. जणू डोकं म्हणतं, ठेवलंय ना फोनमध्ये, मग मी कशाला लक्षात ठेवू. पण त्यातच पुढची गंमत अशी की ज्यांना वस्तूचा एखादा भाग झूम करून टिपायला सांगितलं त्यांच्या आठवणीला तो फटका बसला नाही. म्हणजे फोटो काढावेत, पण थांबून, बघून, जवळ जाऊन.

आमचा नियम झालाय तो असा, पोचल्यावर पहिला अर्धा तास कोणीच फोन काढायचा नाही. नंतर काढा, पण सगळे मिळून एका दिवसात वीसच. वीस म्हटलं की माणूस निवडायला लागतो. आणि काय काढायचं? डोंगर-सूर्यास्त सोडून द्या, तसे फोटो जगात आधीच खूप आहेत आणि आपल्यापेक्षा चांगले आहेत. मुलीच्या गुडघ्याला लागलेली माती काढा. आजोबांनी कानाला लावलेला शंख. चादरीवर पडलेल्या सगळ्यांच्या चपला. पाठमोरी चाललेली दोघं. खिशातून निघालेले सात खडे, रांगेत मांडून. दहा वर्षांनी हेच बघून आपण गप्प होणार आहोत, ग्रुप फोटो बघून फक्त 'किती बारीक होतो मी' एवढंच म्हणतो माणूस.

लहान मुलांचे फोटो त्यांच्या उंचीवर जाऊन काढा, म्हणजे खाली बसा, कपडे मळतील, मळू द्या. उजेड सकाळी उगवतीनंतरचा तासभर आणि मावळतीआधीचा तासभर सगळ्यात मऊ असतो, भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, तेव्हा काढायचाच असेल तर झाडाच्या सावलीत न्या. आणि घरातलं जे माणूस कायम फोटो काढतं ते कुठल्याच फोटोत नसतं, आमच्याकडे तो मी, बऱ्याच घरी ती आई असते. दर वेळी पाच तरी फोटो दुसऱ्याने काढायचे, हा नियम करून टाका.

फोटोपेक्षाही मला आता जास्त किंमत वाटते ती आवाजाची. फोनमधलं रेकॉर्डिंग चालू करायचं आणि फोन चादरीवर उपडा ठेवून द्यायचा, एक मिनिट, कोणाला न सांगता. माझ्याकडे एक असं मिनिट आहे, त्यात वारा आहे, कोणीतरी डबा उघडतंय, आणि धाकटी 'फुलपाखरू'ला 'फुपलाखरू' म्हणतेय. ती आता बरोबर म्हणते. कधी बदललं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

गोळा काय करायचं आणि काय नाही

साधा नियम ठेवलाय, जे झाडाला, जमिनीला, प्राण्याला चिकटलंय त्याला हात लावायचा नाही, जे आपणहून पडलंय तेवढंच, तेही प्रत्येकी एक. घरटं रिकामं दिसलं तरी घ्यायचं नाही. शंख तर आधी उलटा करून बघायचा, आत कोणी राहत असेल, आणि रिकामा असला तरी शंखातला खेकडा दुसऱ्याचाच शंख वापरतो, त्याला लागतो तो. अभयारण्यात किंवा राखीव जागेत पानसुद्धा उचलायला मनाई असते बऱ्याच ठिकाणी, तिथे पाटी बघा आणि फोटोवर भागवा. दगड उचलून खाली बघितलं तर तो परत तसाच ठेवायचा, ते कोणाचं तरी छप्पर असतं. आणि कपारीत, बिळात, ओंडक्याखाली न बघता हात घालायचा नाही, हे लहानांना निघायच्या आधी घरी सांगायचं, तिथे गेल्यावर कोण ऐकतंय.

'प्रत्येकी एकच' यावरून सुरुवातीला रडारड झाली. पण आता काय होतं, की मुलं परत निघताना चादरीवर बसून आपला ढीग समोर मांडतात आणि निवडतात, हा का तो का, आणि निवडताना प्रत्येकाची गोष्ट सांगतात, हा मी ओढ्यात पाय घसरला तिथे मिळाला, हे पान त्या वाकड्या झाडाचं. उरलेलं परत टाकून येतात. ती दहा मिनिटं म्हणजे मला अख्ख्या दिवसातली सगळ्यात आवडती.

पान आणलंत तर ते वाळवायची पद्धत अशी. ओलं नको, पुसून घ्या. दोन टीपकागदांमध्ये, नसेल तर साध्या वर्तमानपत्रात, सपाट ठेवायचं, वर जाड पुस्तकांचा ढीग, पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदलायचा कारण तो ओल शोषतो आणि बदलला नाही की पान काळं पडतं किंवा बुरशी येते. दोन-तीन आठवडे हात लावायचा नाही. गुळगुळीत मॅगझिनचा कागद वापरू नका, तो पाणी शोषत नाही, मी हे करून बघितलंय, भयानक वास आला होता. चिकटवताना सेलोटेप नको, ती पिवळी पडते आणि डाग सोडते, देठाला कागदाची बारीक पट्टी आडवी लावून ती पट्टी डिंकाने चिकटवा.

त्याच रात्री

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच राहतं. दमून आलेलो असतो, आंघोळी, मळके कपडे, उद्या लिहू म्हणतो, झालं. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून, अर्थहीन अक्षरं पाठ करून करून, दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात वेगाने होतं, पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त गेलेलं असतं. सहल म्हणजे काही अर्थहीन अक्षरं नाहीत, ती टिकते जास्त, पण बारीकसारीक गोष्टी, कोण काय म्हणालं, कशावरून हसलो, त्या तशाच निसटतात.

म्हणून आम्ही हे गाडीतच सुरू करतो, परतीच्या वाटेवर. प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची जी फक्त त्याने बघितली असेल, दुसऱ्या कोणी नाही. आणि प्रश्न विचारायची पण एक पद्धत आहे. 'मजा आली ना?' असं विचारलं की 'हो' येतं आणि विषय संपतो. 'मग तो मुंगळा काय करत होता? तू काय केलंस? तुला काय वाटलं तो पडेल?' असं विचारलं की पोर बोलायला लागतं. न्यूझीलंडमधल्या इलेन रीस आणि इतरांनी यावर बरीच वर्षं काम केलंय, ज्या घरात मोठी माणसं घडून गेलेल्या गोष्टींबद्दल मुलांशी असं खुलवून बोलतात, मोकळे प्रश्न विचारतात, मुलाच्या उत्तरात भर घालतात, तिथली मुलं आपल्या आठवणी जास्त तपशिलात सांगू शकतात. आपली स्वतःची सगळ्यात जुनी आठवण बहुतेकांची साधारण तीन-साडेतीन वर्षांची असते, त्याच्या आधीचं जे काही आपल्याला 'आठवतं' ते बरंचसं घरच्यांनी सांगितलेलं. म्हणजे घरात दोन वर्षांचं बाळ असेल तर आजचा दिवस त्याच्या डोक्यात तसाच राहणार नाहीये, तो आपणच सांभाळायचा आणि नंतर त्याला द्यायचा.

घरी आल्यावर वही. एकच वही, सगळ्यांची मिळून, स्वयंपाकघरात किंवा जिथे सगळे बसतात तिथे. तारीख, जागा, कोण कोण होतं, हवा कशी होती, आणि एकेकाची एक ओळ. एकच. मोठ्याने एकदा लिहिलं, 'आज काही झालं नाही, पण छान होतं.' मी म्हटलं असं काय, नीट लिही, तर बायकोने मला गप्प केलं आणि ते बरंच झालं, मला ती ओळ आता फार आवडते. ज्याला लिहिता येत नाही त्याने बोलायचं आणि आपण त्याच्याच शब्दांत उतरवायचं, शुद्ध करायचं नाही. वाईट झालं तेही लिहायचं, कोण रुसलं, किती वेळ, कशावरून. बॉलपेनपेक्षा पेन्सिल चांगली, पाण्याने पसरत नाही आणि उजेडाने फिकी पडत नाही. तिकिटं लावायची असतील तर लक्षात ठेवा की गुळगुळीत थर्मल कागदावरची छपाई वर्षा-दोन वर्षांत उडून जाते, आमच्या वहीत चार कोरी तिकिटं आहेत, कशाची ते देव जाणे, म्हणून आता त्यावरचा मजकूर शेजारी लिहून ठेवतो.

फोटोंचं म्हणाल तर त्याच आठवड्यात वीसातले पाच निवडा आणि वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, वर्षभराने एकदम बसू म्हटलं तर कोणी बसत नाही. माझा एक फोन पाण्यात पडून दोन वर्षांचे फोटो गेले, बॅकअप घ्यायचाय घ्यायचाय म्हणत होतो तोवर. तेव्हापासून फोटोग्राफर लोकांचा तीन-दोन-एकचा नियम पाळतो, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा बहिणीकडच्या हार्डडिस्कवर. आणि व्हॉट्सॲपवर आलेला फोटो म्हणजे मूळ फोटो नव्हे, नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली तारीख-जागेची माहितीही जाते, एकमेकांना द्यायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पाचातला एक तरी छापून घ्या, मागे पेन्सिलीने नावं आणि साल.

एक झाड ठरवा

नवीन नवीन जागा शोधण्यापेक्षा एकाच जागी परत परत जाणं जास्त देतं असं माझं मत झालंय. घरापासून चालत जाता येईल असं एक झाड, बागेतलं असलं तरी चालेल. महिन्यातून एकदा जायचं, पंधरा मिनिटं, त्याच जागी उभं राहून तसाच एक फोटो. पालवी कधी आली, फुलं कधी, कोणती फांदी तुटली, ढोलीत कोण आलं. दोरी घेऊन बुंध्याचा घेर मोजायचा, जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर, झाडं मोजणारे तिथेच मोजतात, वर्षातून एकदा, आणि वहीत लिहायचा.

आणि मुलांना त्या झाडाशेजारी उभं करून उंची बघायची. इथे आमच्याकडे वाद झाला होता, मोठा म्हणाला झाड पण वाढणार ना, मग खूण वर जाईल, उपयोग काय? तर नाही जात. झाड उंचीला फक्त शेंड्यांकडून वाढतं, खोड नुसतं जाड होत जातं, त्यामुळे खोडावरची गाठ आज जिथे आहे तिथेच दहा वर्षांनीही असते. आमच्या झाडाला एक डोळ्यासारखी गाठ आहे, आम्ही त्यालाच पट्टी समजतो, खिळा-बिळा ठोकत नाही. पहिल्या वर्षी धाकटीने टाचा उंचावल्या तरी तिचं डोकं गाठीला पोचत नव्हतं. मागच्या महिन्यात गाठ तिच्या हनुवटीला आली, आणि तिने गाठीच्या खाचेत बोट घालून बघितलं तर आतून मुंगळे निघाले, मग काय, पंधरा मिनिटांचा तास झाला. या वेळी घड्याळ घरीच विसरलो होतो, मुद्दाम.